मिसरची गुरं

आमच्या घरात खंडोबा आणि जोतिबाच्या खालोखाल ओळख होती ती मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या देवांची. एक कोल्ह्याच्या तोंडाचा, एक ससाण्याच्या तोंडाचा, एक मगरीच्या तोंडाचा, आणि पाणघोड्यासारखी पोट सुटलेली एक देवी, जी म्हणे बाळंतिणींना सांभाळायची. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुटून आले तेव्हा ही मंडळी त्यांच्याबरोबर आमच्या घरी आली. मूर्ती नव्हेत, पोस्टकार्डाएवढी रंगीत चित्रं. उंब्रजच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत गेलेल्या आमच्या गावात तोवर रंगीत चित्र म्हटलं की कॅलेंडरवरची लक्ष्मी, नाहीतर बियाण्याच्या पाकिटावरचा टोमॅटो. त्यामुळं शेजारपाजारचे लोक ही चित्रं बघायला येत. कोल्ह्याच्या तोंडाचा देव बघून बायका पदर तोंडाला लावून हसत. आई मात्र हसायची नाही. ती म्हणायची, "आपल्या गणपतीला हत्तीचं तोंड हाय, त्येंच्या देवाला कोल्ह्याचं. त्यात हसायचं काय?"

आबा हवालदार होते. आपल्या फौजेची एक पलटण निळ्या टोप्या घालून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेली होती, तिच्याबरोबर त्यांनी गाझाच्या वाळूत पहारा केला होता. दोन देशांच्या मधे उभं राहायचं आणि कुणालाच गोळी घालायची नाही, अशी ती नोकरी. गावातल्या लोकांना ही गोष्ट कधीच नीट पटली नाही. "मग तितं जाऊन केलंसा काय, हवालदार?" असं कुणी विचारलं की आबा मिशीवरून बोट फिरवत म्हणत, "म्यूझियम बघितलं." सुट्टीत जवानांना ट्रकमधून कैरो शहर दाखवायला नेत असत. पिरामिड सगळ्यांनीच बघितले, उंटावर बसून फोटोही काढले. पण आबांच्या मनात घर केलं ते त्या म्यूझियमनं. सोन्याच्या मुखवट्यापुढं ही गर्दी होती, आणि आबा मात्र गर्दीतून बाजूला होऊन एका काचेच्या कपाटापुढं जाऊन थांबले. परत गोळा व्हायची, फालिनची शिट्टी झाली तरी हलले नाहीत, म्हणून सुभेदारांची बोलणी खाल्ली, हे ते मोठ्या अभिमानानं सांगत.

त्या कपाटात गुरं होती. पुरुषभर लांबीच्या फळीवर लाकडात कोरून रंगवलेली, एका ओळीनं चाललेली. पांढरी, तांबडी, काळी, बांडी. हातात काठ्या घेतलेले गुराखी त्यांना हाकताहेत. एका बाजूला खांबांची पडवी, तिच्यात गुरांचा मालक ऐटीत बसलेला, शेजारी त्याचा मुलगा, आणि मांडी घालून बसलेले कारकून बोरूनं गुरांची मोजदाद लिहिताहेत. हजारो वर्षांपूर्वी त्या देशातला एक मोठा कारभारी मेला, तेव्हा पलीकडच्या जगात त्याला कशाची वाण पडू नये म्हणून त्याच्या थडग्यात हे सगळं ठेवलं होतं. त्याच्याबरोबर होड्या, विणकरांचा माग, सुतारांचा कारखाना, धान्य दळणाऱ्या बायका. सगळं खेळण्याएवढं आणि सगळं कामात गुंतलेलं. "राजाची खुर्ची बघून डोळं दिपत्यात," आबा म्हणायचे, "पण ह्ये बघून मला वाटलं, आपल्या गावातच आलोय. गुरं दावणीला निघाल्यागत निघाली हुती, गड्या!" त्या कपाटाचंही एक कार्ड त्यांच्याकडे होतं. इतरांपेक्षा जास्त हाताळून त्याचे कोपरे गोल झाले होते.

या गोष्टी ते सांगायचे संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, आई भाकरी थापत असताना. आमचं स्वयंपाकघर म्हणजे मागच्या पडवीचा आडोसा. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला बैलांची दावण. भाकरीच्या थापांचा आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि लांबून नदीवरच्या इंजिनाची पुकपुक. हंगामात गुऱ्हाळाचा वास सगळ्या शिवारावर पसरलेला असायचा आणि ताटात काकवी असायची. नसली तर हुलग्याचं माडगं. दह्यात कालवलेला खर्डा, गरम भाकरी, आणि त्या तिखटाच्या सुस्काऱ्यांमधून मिसरचा राजा. मिसरच्या चित्रातली माणसं आम्हां पोरांना फार आवडायची. तोंड एका अंगाला वळलेलं, डोळा मात्र समोरचा, खांदे समोर आणि पाय पुन्हा एका अंगाला. आम्ही अंगणात तसं चालून बघायचो आणि पडायचो. आई म्हणायची, "रांगोळीत मोर काढता तवा त्येचा डोळा कुटं काढता? ह्येंनी माणसाचं सगळं चांगलं चांगलं दिसावं असं काढलंय."

माझी आई अनसूया. माहेरी तिला आनशी म्हणत. तिचं माहेर विट्याच्या पलीकडे, माणदेशाच्या तोंडाला. उसाच्या हिरव्या पट्ट्यातून तिकडे निघालं की तासाभरात जमिनीचा रंग बदलायचा, झाडं खुजी व्हायची आणि दिसायला लागायची ती गुरं आणि मेंढरं. तिच्या वडिलांना ती दादा म्हणायची, म्हणून आम्हीही दादाच म्हणत असू. दादांकडे खिलार गुरांचं मोठं खांड, म्हणजे कळप होता. पंचक्रोशीत त्यांच्या खोंडांचं नाव होतं. मोठा दुष्काळ पडला त्यात ते खांड गेलं. काही छावणीत गेली, काही वाटेत बसली ती उठलीच नाहीत, काही दादांनी दोर सोडून लांबच्या लोकांना देऊन टाकली, निदान जगतील म्हणून. पाऊस परत आला, दादांच्या गोठ्यात पुन्हा एक गाय आली, पण दादा बोलेनासे झाले. आई माहेरी जाऊन आली की दोन दिवस तीही गप्प असायची.

बेंदराला घरोघर मातीचे बैल पुजतात. बाकीच्या घरांत कुंभाराकडचे बैल यायचे. आमच्याकडे आई स्वतः करायची. लहानपणी तळ्याच्या गाळात बसून ती हे शिकली होती. तिचा बैल बघितला की त्याचं वय सांगता यायचं. पाणी पिऊन आलेला बैल निराळा आणि नांगरट करून आलेला निराळा.

मी नववीत असताना आमच्या चित्रकलेच्या मुजावर सरांनी वर्गात सांगितलं की सांगलीतल्या एका कलामंडळानं प्राचीन कलेचं प्रदर्शन भरवायचं ठरवलंय. एका जुन्या संस्थानिकांच्या संग्रहातून मिसरच्या मूर्तींच्या आणि कोरीव पाट्यांच्या प्लास्टरमधल्या प्रती येणार आहेत. शाळांनीही काहीतरी करून पाठवावं. मिसर कुणाला माहीत आहे का, असं सरांनी विचारलं आणि मी उभी राहिले ती खाली बसेचना. कोल्ह्याच्या देवापासून कारकुनाच्या बोरूपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्याच रविवारी सायकल मारत सर आमच्या घरी आले. आबांनी चित्रं काढली, सरांनी ती एकेक करून मांडीवर मांडली. मग आईनं चहा आणला, तेव्हा सरांची नजर कोनाड्यात गेली. बेंदूर होऊन महिना झाला होता, पण आईचे बैल अजून तिथंच होते.

"हे कुणी केले?" सरांनी विचारलं.

"आमचं बायकांचं काम हाय ते," आई म्हणाली. "सणापुरतं."

सर बैल हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले. मग त्यांनी गुरांच्या मोजदादीचं कार्ड उचललं आणि आईसमोर धरलं. "वहिनी, हे कराल?"

आई ते कार्ड पहिल्यांदा बघत नव्हती. पण त्या दिवशी तिनं ते हातात घेऊन उजेडाला नेलं. "किती गुरं हायती ही?" तिनं विचारलं. चित्रात सगळी नीट दिसत नव्हती. आबा म्हणाले, लय हायती. आईनं कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाली, "करते. पण एक सांगते मास्तर. झाल्यावर आमच्या दादास्नी बघायला आणायचं. तुमी आणा न्हाईतर ह्यांनी आणावं."

असं आमच्या पडवीत मिसर उभं राहायला लागलं. आईनं ओढ्याकाठची चिकण माती आणली, ती भिजवली, तुडवली, तिच्यात पिंजलेला कापूस आणि घोड्याची लीद मिसळली. सरांनी पेवडी, गेरू, काजळी असे रंग आणून डिंकात कालवले. मला पडवीतला मालक आणि कारकून करायचं काम मिळालं, आणि माझे कारकून पुन्हा पुन्हा पुढं कलंडत होते. आबा खाटेवर बसून कैरो आठवत. "काठी जरा वर धर त्येची. हां. असाच हुता." आई एका बैठकीला एक जनावर करायची आणि ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवायची. पहिली काही घाईनं वाळली आणि पोटाला चिरली. तिनं ती मोडून पुन्हा माती केली.

भांडण झालं ते वशिंडावरून. आईनं केलेल्या प्रत्येक जनावराला मानेमागं खिलारचं उभं, ताठ वशिंड होतं. आबा म्हणाले, "अगं, त्या गुरास्नी वशिंड न्हाई."

"वशिंड न्हाई?" आईनं मान वर केली. "मग जू कुटं ठेवायचं? तुमच्या डोक्यावर?"

"शिंगाला बांधत हुती ती माणसं. कारड बघ की नीट."

"कारडात दिसत न्हाई. फौजेत बंदुका मोजायची सवय तुमाला, गुरातलं काय कळतंय?"

आबा शेतकऱ्याच्या पोटचे. ते भडकले. सरांच्या पुस्तकात मिसरच्या नांगरटीचं एक चित्र होतं, ते मी आणून दाखवलं. खरंच, जू शिंगांच्या बुडाशी बांधलेलं होतं. आई तरी मानेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमच्या सर्ज्या बैलाच्या शिंगांना आडवी काठी बांधून बघितली. सर्ज्यानं एकदा मान झटकली आणि काठी शेजाऱ्यांच्या परसात. निम्मी आळी हसायला गोळा झाली. आई हसली नाही, चिडलीही नाही. सर्ज्याच्या मानेवर हात ठेवून ती म्हणाली, "आपल्या बैलाची ताकद खांद्यात हाय. त्येंच्या बैलाची मानंत असनार. मग मान जाड पायजे." घरात येऊन तिनं ओल्या अंगठ्यानं एकेक वशिंड दाबून बसवलं आणि ती माती मानांना लावली.

मी शेजारी बसले होते. एका बैलापाशी तिचा अंगठा थांबला. "ह्यो ढवळ्या," ती म्हणाली. मला आधी कळलं नाही. मग तिनं एकेकाला बोट लावून नावं सांगितली. हा पोवळ्या, ही कपिली, ही बांडी, ही कपिलीची कालवड. दादांचं खांड होतं ते. म्हणून वशिंड घालवताना तिला इतकं जड गेलं होतं. "अंग मिसरचं आसू दे," ती म्हणाली, "शिंगं मी सोडनार न्हाई. शिंगं दादांच्या गुरांचीच." आबा दारात उभे राहून ऐकत होते. त्यानंतर त्यांनी एकाही शिंगाबद्दल तोंड उघडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मिसरची शिंगंही तशीच लांब आणि बाकदार होती.

पुढं फार वर्षांनी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर एका सहलीबरोबर मी कैरोला गेले आणि ते कपाट बघितलं. गाईड आम्हांला सोन्याच्या मुखवट्याकडे घाई करत होता. आबांची मुलगी असल्यानं मीही मागं राहिले. गुरं तशीच चालली होती, ठिपके तसेच होते, मालक तसाच ऐटीत. आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आमची बांडी हिच्यापेक्षा देखणी होती. चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची माफी मागावी असं काही मला वाटलं नाही.

प्रदर्शनासाठी सांगलीला आम्ही दुधाच्या गाडीतून गेलो. गुरं मांडलेली फळी गवताच्या पेंढ्यांवर ठेवलेली, एका बाजूला आबा आणि एका बाजूला सर तिला धरून बसलेले. मुक्काम मिरजेला, सरांच्या मूळ घरी. आईनं पहिल्याच सकाळी मुजावरभाभींच्या चुलीपाशी बसून भाकरी थापायला घेतल्या आणि भाभींनी तिला शेवयांची खीर वाढली. दोघींची अशी गट्टी जमली की पुढं कैक वर्षं आमच्याकडची काकवी मिरजेला आणि मिरजेच्या शेवया आमच्याकडे जात राहिल्या.

प्रदर्शन एका मोठ्या सभागृहात होतं. आत मिसरचं दालन. कलामंडळाच्या समितीतल्या एका गृहस्थांनी आमच्या फळीवरचं फडकं बाजूला केलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि म्हणाले, "छान आहे हो. पण आत सगळ्या मूळ मूर्तींवरून काढलेल्या प्रती आहेत. तिथं ही मातीची खेळणी शोभणार नाहीत. व्हरांड्यात शाळांचे तक्ते लावलेत, तिथं ठेवू." आणि शेजारी त्यांनी आधीच छापून आणलेलं कार्ड टेकवलं : 'गुरांची मोजदाद. शालेय विद्यार्थ्यांनी केलेली प्रतिकृती.'

आबा दोन पावलं पुढं झाले. "खेळणी?" त्यांनी विचारलं. सर मधे पडले. आई म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या. भाईर उजेड तरी हाय." मग तिनं त्या गृहस्थांना सरळ विचारलं, "आत जाऊन बघितलं तर चालंल न्हवं?"

आत ती हळूहळू फिरली. कोरीव पाट्यांवरची माणसं, पक्षी, कमळं. दगडी डोळ्यांचा राजा. एका नवराबायकोच्या जोडमूर्तीपुढं ती थांबली. दोघं एका बाकावर शेजारी शेजारी बसलेली, सारख्या उंचीची, आणि बायकोचा हात नवऱ्याच्या खांद्यावरून पुढं आलेला. आई बघत राहिली, मग तिनं आबांकडे बघितलं आणि पदराआड खुदकन हसली. आबा एकदम दुसऱ्याच पाटीकडे वळले. आमच्या गावात त्या काळी बायको नवऱ्याच्या शेजारून चालतही नसे.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. सांगलीला तेव्हा हळदीचा बाजार जोरात होता. गाड्या सोडून मोकळे झालेले शेतकरी फिरत फिरत प्रदर्शनाला आले आणि व्हरांड्यातच अडकले. गुरं दिसल्यावर शेतकरी पुढं कसा जाईल? फळीभोवती कडं पडलं. एकानं विचारलं, "बिनवशिंडाचा बैल कसला म्हनायचा ह्यो?" दुसरा म्हणाला, "पोरांनी केल्याली दिसत्यात. पोरास्नी काय म्हाईत."

आई मागं भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. "पोरांनी न्हाई केली," ती म्हणाली, "मी केल्यात. आन् त्या देशात वशिंड नसतंय. जू शिंगाला बांधत्यात. मान बघा की त्येची, हिकडं या, अशी बघा." लोक वाकले. मग तिनं त्यांना मालक दाखवला, कारकून दाखवले, मेल्यावरही गोठा भरलेला असावा म्हणून हे करून ठेवत, ते सांगितलं. घरात चार बायकांतसुद्धा खालच्या आवाजात बोलणारी माझी आई परक्या पुरुषांच्या घोळक्यात खणखणीत बोलत होती. कुणी म्हणालं, "म्हंजी गुरांवर जीव हुता त्येंचा." आई म्हणाली, "व्हय. मानसं आपल्यासारखीच."

आतलं दालन रिकामं आणि व्हरांड्यात गर्दी, हे बघून बापटबाई बाहेर आल्या. त्या कॉलेजात इतिहास शिकवत. प्रदर्शनाची सगळी मांडणी त्यांची होती. त्या गर्दीच्या मागं उभ्या राहून आईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग समितीच्या गृहस्थांना म्हणाल्या, "हे आत घ्या. मधोमध."

"बाई, पण आत सगळ्या प्रती..."

"ही लोकं ते बघून आत यायला हवीत ना? मग ते आतच हवं." आणि त्या गृहस्थांनी, हे मला सांगितलंच पाहिजे, स्वतः फळीचं एक टोक उचललं. जोडमूर्ती आणि कोरीव पाट्यांच्या मधोमध, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, आईची गुरं उभी राहिली. शेतकरी त्यांच्या मागोमाग आत आले आणि मग राजालाही बघू लागले. छापलेलं कार्ड तेवढं गुरांबरोबर तसंच आत गेलं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं होतं, पण आई म्हणाली, "आसू दे गं. आत आली न्हवं गुरं?"

आबा पहाटेच विट्याच्या बाजूला गेले होते. दुपारी ते दादांना घेऊन आले. दादांनी नवं धोतर नेसलं होतं आणि लाल पटका बांधला होता. सभागृहाच्या दारात त्यांनी पायताणं काढली. लोक सांगू लागले, घालून चालतं. त्यांनी ऐकलं नाही. आईनं पुढं होऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हाताला धरून त्यांना फळीपाशी आणलं.

दादा वाकले. आधी त्यांनी भुवया उंचावल्या. "वशिंड कुटं गेलं, आनशे?"

"ती मिसरची हायती, दादा. तितं नसतंय. शिंगं बघा तुमी."

दादांनी शिंगं बघितली. पहिल्या बैलावर त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग दुसऱ्यावर. त्यांचं बोट वर आलं. हात लावू नये ही पाटी समोरच होती, दादांना वाचता येत नव्हतं. कुणी त्यांना अडवलं नाही. "ढवळ्या," ते म्हणाले. "पोवळ्या. ह्यो मोऱ्या. आगं, ही कपिली..." आवाज अगदी बारीक होता. पण ते थांबले नाहीत. एकेक जनावर पुढं सरकत गेले तसा आवाज मोठा होत गेला. एका ठिकाणी अडखळले, आणि आई म्हणाली, "कपिलीची कालवड." "व्हय व्हय, कालवड," ते म्हणाले, "खोडील लय हुती." ओळीच्या शेवटी पोचले तेव्हा त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. दुष्काळानंतर इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. मुजावर सर खिडकीबाहेर बघत होते.

बापटबाई पुढं आल्या. नमस्कार करून म्हणाल्या, "बाबा, कशी वाटली गुरं?"

"गुरं झ्याक हायती, बाई." दादांनी त्या छापलेल्या कार्डाकडे बोट केलं. "त्या कागुदावर काय लिवलंय?"

बाईंनी वाचून दाखवलं. दादांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ही जिनं केली ती माझी लेक हाय. ते लिवलं न्हाई व्हय कुणी?"

समितीचे गृहस्थ काहीतरी नियमाचं बोलू लागले. बाईंनी हातानं थांबवलं. "या दालनात एवढ्या मूर्ती आहेत," त्या म्हणाल्या, "घडवणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. इथं माहीत आहे आणि आपण लिहिलं नाही. हे बरोबर नाही झालं." त्यांनी कोरं कार्ड मागवलं आणि पेन उघडून आईला विचारलं, "नाव सांगा."

आई गडबडली. "ह्यांचं घाला की. ह्येंनी बघितलं तितं जाऊन."

"मी नुसता बघून आलो," आबा म्हणाले. "बघनारे लय असत्यात. तू सांग तुझं."

दादा म्हणाले, माहेरचं घाला. आबा म्हणाले, सासरचं घालावं लागतंय, रीत हाय. दोघं चक्क तिथं वाद घालायला लागले, आणि बाई पेन धरून थांबल्या. शेवटी आईच म्हणाली, "अनसूया लिवा. मग खाली दोनी गावं लिवा. जलमले ते गाव आन् नांदते ते गाव."

बाईंनी तसंच लिहिलं, वळणदार अक्षरात. कार्ड गुरांपुढं ठेवलं. दादांनी त्याच्यावर बोटं फिरवून बघितली, जशी खोंडाच्या पाठीवरून फिरवतात तशी. तेवढ्यात दारातून हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांचा आणखी एक घोळका आत आला आणि कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "बिनवशिंडाची गुरं ती हीच का?" आईनं पदर नीट केला, दादांना बसायला स्टूल सरकवलं, आणि पुढं होऊन सांगायला सुरुवात केली. मी तिच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिले. कुणी विचारलं नव्हतं तरी आत येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते, की ही माझी आई.